सतार, कोतो आणि मधली जागा : 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट'

गेली सात वर्षं मी बासरी शिकतेय. पहाटे साडेपाचला रियाजाला बसण्याआधी रेकॉर्डची एक बाजू ऐकायची, हा नेम गेल्या पावसाळ्यापासून लागला तो या एलपीमुळे. 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट', डॉइच ग्रामोफोन, 1978. सतारीवर पंडित रविशंकर, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, शाकुहाची या जपानी बासरीवर होझान यामामोतो, कोतो या जपानी तंतुवाद्यावर सुसुमु मियाशिता. मुंबईतल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडे 1400 रुपयांना मिळाली. 'एकदम क्लीन आहे' असं सांगून दिली, पण दुसऱ्या बाजूला चांगलीच चरचर निघाली. एरवी मी ते मनावर घेत नाही. या संगीतात मात्र सुरांच्या मधे मोकळी जागा इतकी आहे की बारीकसा टक् आवाजही खुपतो. जुनी प्रत घेणार असाल तर दुकानातच दोन्ही बाजू लावून ऐका, आणि कान संथ भागांवर ठेवा.

मी ही रेकॉर्ड घेतली ती शाकुहाचीसाठी. आपली बासरी आडवी, ही उभी. वरच्या टोकाला तिरकी कापलेली कड असते, तिच्यावर फुंकायचं. भोकं फक्त पाच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्याला. नावातच लांबी आहे: एक शाकु आठ सुन (ही जपानी मापं), म्हणजे साधारण 54.5 सेंटिमीटर. बाकीचे सूर निघतात ते बोटानं भोक अर्धवट झाकून आणि मान खाली-वर करून. मान झुकवली की सूर उतरतो, उचलली की चढतो. आपण जी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, बोटांनी काढतो, ती तिथे मानेतूनही येते.

जपानमधल्या फुके या झेन बौद्ध पंथाचे भिक्षू डोक्यावर तोंड झाकणारी विणलेली टोपली घालून ही वाजवत भिक्षेला फिरत. मला आपला पहाटेचा वासुदेव आठवला, फक्त त्याचा चेहरा दिसतो आणि यांचा दिसत नाही. त्यांच्यासाठी फुंकणं हेच ध्यान होतं. 1871 मध्ये जपान सरकारनं पंथच बंद केला, वाद्य मात्र टिकलं. यामामोतोंना पुढे 2002 साली तिथल्या सरकारनं 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

माझ्या सुरात हवा आली की गुरुजी लगेच थांबवतात. शाकुहाचीत तीच हवा मुद्दाम सोडतात, श्वासाचा खरखरीत झोत सुरासकट ऐकू येतो. पहिल्यांदा कानाला कच्चं वाटलं. दहा-बारा वेळा ऐकल्यावर कळलं की श्वास लपवायचा नाही, हेच त्या वाजवण्याचं मर्म आहे.

सगळ्यात जास्त मी रमते ती कोतो आणि सतार एकत्र येतात तिथे. दोन्ही तंतुवाद्यं, दोन्ही नखीनं छेडायची, पण स्वभाव किती निराळे! कोतोला तेरा तारा, प्रत्येकीखाली सरकणारी घोडी. तार छेडली की सूर उमटतो, थोडा दरवळतो आणि विरतो. सतारीला तरफेच्या तारा आहेत, त्या न छेडताच गुंजत राहतात. तानपुऱ्याच्या सवयीमुळे आपल्या कानाला पोकळी नकोशी वाटते. जपानी लोक त्या पोकळीला 'मा' म्हणतात आणि ती सुराइतकीच जपतात. कोतोचा सूर विरून गेल्यावर सतारीची गुंज मागे उरते, ते क्षण मी सुई उचलून पुन्हा पुन्हा ऐकलेत.

एकदा 'रोकुदान' सुरू असताना मुलगा अर्धवट झोपेत बाहेर आला आणि म्हणाला, "आई, गुणकली लावलायस का?" 'रोकुदान' ही सतराव्या शतकातल्या यात्सुहाशी केंग्योंच्या नावावर असलेली कोतोची रचना, सहा भागांची; गुणकली हा आपला राग. आणि मुलगा फारसा चुकला नव्हता. सा, कोमल रे, म, प, कोमल ध, हे स्वर कोतोच्या त्या जुळणीत सापडतात. पण तिला राग म्हणू नये. स्वरांचं चलन वेगळं आहे, आणि आपण ज्या सुरावर विसावू तिथे ती विसावत नाही.

एक सांगायलाच हवं. योगासनांच्या वेळी मागे काहीतरी मंद चालू असावं म्हणून ही घेऊ नका. अल्लारखांचा तबला आला की तुम्ही उठून बसता, लय कान धरून पुढे नेते. मला स्वतःला तबल्याविना असलेले भाग जास्त जवळचे वाटतात, कारण तिथे कुणालाच घाई नसते. तबला शिकणारी माझी मैत्रीण याच्या अगदी उलट सांगते, आणि तिच्या बाजूलाही तथ्य आहे. हेडफोनवर ऐकायचं असेल तर आवाज कमी ठेवा. शाकुहाचीचा श्वास तसाच नीट पोचतो.

हल्ली आलाप करताना दोन फुंकींच्या मधे मी थांबते. गुरुजींनी परवा विचारलं, "दम पुरत नाही का?" मी रेकॉर्डबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "पुढच्या रविवारी घेऊन ये." म्हणून आता चरचर नसलेली दुसरी प्रत शोधतेय.