डीडी फ्री डिशचा तयार सेट : काय ठेवावं, काय दुकानातच बदलून घ्यावं

तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह-टीव्ही सेवेचा, तयार सेट मागितला की ठरलेल्या वस्तू समोर येतात. ६० सेंटिमीटरची छत्री म्हणजे डिश, एक एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग), दहाएक मीटर केबल, बॉक्स, रिमोट, अ‍ॅडॉप्टर, भिंतीचा स्टँड आणि पिशवीभर नट-बोल्ट. सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास, आणि पुढे महिन्याचा रिचार्ज नाही. या पैशात सह्याद्रीसकट दूरदर्शनच्या वाहिन्या, काही खाजगी वाहिन्या, आकाशवाणी आणि लेकरांच्या अभ्यासासाठी पीएम ई-विद्याच्या वाहिन्या येतात. सौदा चांगलाच आहे. पण दुकानात ग्राहक बॉक्सभोवतीच घोटाळतो आणि स्टँड, केबल, कनेक्टर यांच्याकडे बघतही नाही. पावसाळ्यात चित्र जातं ते नेमकं या तीन वस्तूंमुळे.

आधी जुन्या अँटेनाचं. घरावर अजून अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना उभा असेल आणि तोच वापरता येईल का असा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. दूरदर्शनचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ सगळं बंद झालं. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये मोजक्या शहरांत सुरू झालं. त्यात औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, होतं; पण मनोऱ्याचा सिग्नल आसपासच्या टापूपुरता. लातूर, नांदेड, धाराशिवच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सारखा मिळतो तो उपग्रहाचा सिग्नल. जुन्या अँटेनाचा पाइप मात्र सरळ आणि न गंजलेला असेल तर ठेवावा, छत्रीला कामाला येतो.

छत्री केवढी घ्यावी? आपल्याकडे ६० सेंटिमीटरची पुरते. ७५ ची घेतली तर सिग्नल सुमारे २ डेसिबलने वाढतो, ९० ची घेतली तर साडेतीनने. जोराच्या पावसात चित्र फुटायला लागतं तेव्हा हे दोन डेसिबल कामी येतात. ज्याला जमेल त्याने ७५ ची घ्यावी. ९० ची गरज नाही. तिच्यावर वाऱ्याचा जोर ६० च्या सव्वादोन पट बसतो, आणि मोठ्या छत्रीचा झोत, म्हणजे ती ज्या पट्ट्यातून सिग्नल पकडते तो, अरुंद असल्यामुळे ती जराशी हलली तरी चित्र जातं. ६० च्या छत्रीचा झोत साधारण ३ अंशांचा, ९० चा २ अंशांचा. वैशाखातल्या वावटळीत हा फरक लगेच कळतो.

छत्री हातात घेऊन दोन्ही काठ धरून हलकी पिळून बघावी. पत्रा करकरला किंवा वाकला तर ती बाजूला ठेवावी. चेमटलेली छत्री स्वस्त देतो म्हणाले तरी घेऊ नये. फुगवटा जिथे बिघडला तिथला सिग्नल एलएनबीच्या तोंडाशी पोचतच नाही.

आता स्टँड, या सेटमधली सगळ्यात कच्ची वस्तू. सोबत येणारी नळी पातळ पत्र्याची असते, बोल्ट आवळला की चपटते. ती दुकानातच ठेवावी आणि दीड इंची जीआय पाइप वेगळा घ्यावा. छत्रीची पकड त्या पाइपावर घट्ट बसते का, ते तिथेच लावून बघावं. स्लॅबचं घर असेल तर १० मिलिमीटरचे चार फास्टनर मारून बेस प्लेट बसवावी. माळवदाच्या घरावर छत्री बसवायला खोदू नये. पांढऱ्या मातीत केलेलं भोक कितीही लिंपलं तरी मृगाच्या पहिल्या पावसात गळतं. त्याऐवजी दगडी भिंतीला दोन क्लॅम्प मारून पाइप उभा करावा, नाहीतर अंगणातच दोन फूट खड्ड्यात काँक्रीट भरून रोवावा. छत्री उंचावर असली की सिग्नल जास्त मिळतो हा समज जुन्या अँटेनाच्या काळातला आहे. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे, दहा फुटांनी काही होत नाही. पत्र्याच्या घरावर तर छत्री बसवूच नये, वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि सोबत छत्रीही. शेतातल्या आखाड्यावरही जमिनीतला पाइपच बरा.

पाइप ओळंब्यात असला पाहिजे. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून बघावा. पाइप तिरका असेल तर छत्रीच्या पाठीवरच्या अंशांच्या खुणा निरुपयोगी ठरतात आणि फिटर अंदाजाने तासभर गोल गोल फिरवत बसतो.

दिशा सोपी आहे. फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मराठवाड्यातून तो जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला दिसतो. मोबाइलच्या होकायंत्रावर संभाजीनगर आणि लातूरला १३६ अंश, बीडला १३५.५, धाराशिवला १३५, नांदेडला १३८.५. होकायंत्र लोखंडी पाइपापासून चार-पाच पावलं दूर धरावं, नाहीतर काटा भरकटतो. उपग्रहाची आभाळातली उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, सगळीकडे ६० अंशांच्या आसपास : संभाजीनगरला ५९, नांदेड-लातूरला ६१. छत्री मात्र तेवढी आभाळाकडे बघताना दिसत नाही, कारण ही ऑफसेट जातीची छत्री आहे, तिच्या घडणीतच वीस-पंचवीस अंश धरलेले असतात. म्हणून डोळ्यांवर न जाता पाठीवरच्या खुणेवर ६० लावावं.

या उंचीचा फायदा असा की अडथळ्याची फार काळजी नाही. समोरची भिंत किंवा झाड छत्रीपेक्षा दहा फूट उंच असेल तर साडेसहा फूट अंतर पुरे. कडुलिंबाचं मात्र लक्षात घ्यावं. चैत्रात पालवी फुटली की फाल्गुनात मोकळी असलेली वाट बंद होते. वाट मोकळी आहे का हे बघायची एक खात्रीची वेळ आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी अकराच्या सुमाराला, सूर्य थेट या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर पूर्ण ऊन पडत असेल तर मध्ये काही नाही. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटू शकतं, तो बिघाड नव्हे, फिटरला बोलावू नये.

सेटिंगमध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५० असली पाहिजे, २२ किलोहर्ट्झचा टोन बंद. ट्रान्सपाँडर ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकावा. मग स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थची पट्टी बघून खूश होऊ नये, ती एलएनबीला करंट मिळाला की छत्री कुठेही असली तरी भरते. बघायची ती क्वालिटी. उंची ६० वर ठेवून छत्री १३६ च्या आसपास अगदी सावकाश, बोटभर सरकवत थांबावं. बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. भराभर फिरवलं की जागा हातातून निघून जाते. क्वालिटी आली की उंची जरा खाली-वर करून बघावी. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी डावी-उजवीकडे वळवावी. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे एलएनबी सरळ उभी ठेवून पुरता सिग्नल मिळेलच असं नाही. हे शेवटचं वळवणं बहुतेक फिटर टाळतात, आणि पावसात पहिला फटका तिथेच बसतो. ब्लाइंड स्कॅन (बॉक्सला आपणहून सगळ्या फ्रिक्वेन्सी शोधायला लावणं) करून वाहिन्या आल्या पण सगळ्या लॉक असतील, तर छत्री बहुधा शेजारच्या ९५ अंशावरच्या उपग्रहांवर गेली आहे. दीड अंशाचाच फरक आहे.

बोल्ट आवळताना क्वालिटी बघत एकाआड एक आवळावेत. मग पाइपावर आणि पकडीवर ऑइल पेंटने एक आडवी रेघ मारून ठेवावी. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत छत्री वर्षातून दोन-चारदा तरी सरकतेच. रेघ जुळवली की पाच मिनिटांत चित्र परत येतं.

एलएनबी घेताना तिच्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन्ही आकडे छापलेले आहेत का बघावं. नुसतं १०६०० लिहिलेली, दुसऱ्या डीटीएचची जुनी एलएनबी फुकट मिळाली तरी चालणार नाही. ११०९० मधून १०६०० वजा केले की ४९० उरतात, आणि बॉक्स ९५० च्या खालचं घेतच नाही. तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकते, मग पाणी आत जातं. त्या टोपीवर गांधीलमाशीने घर केलं तरी सिग्नल पडतो, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत तिथेही एक नजर टाकावी.

केबल आरजी-६ घ्यावी, आणि एकसंध, जोड नको. वीस मीटरला सुमारे ५ डेसिबल जातात, ते चालतं. मधल्या तारेला चुंबक चिकटला म्हणजे केबल बनावट असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असतो आणि एवढ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पृष्ठभागावरूनच जातो. बघायची ती बाहेरची जाळी. साल काढल्यावर विरळ दिसली तर दुसरी मागावी. सेटमधले पिळून बसवायचे कनेक्टर फेकून कॉम्प्रेशनचे, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचे, लावून घ्यावेत. एलएनबीजवळ केबलला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकतं. कनेक्टरवर साधी काळी चिकटपट्टी उन्हात सुटते, रबरी स्वतःला चिकटणारी टेप लावावी.

बॉक्स एमपीईजी-४ चा (हा चित्र साठवून पाठवायचा नवा प्रकार) हवा, एवढंच. नुसता एमपीईजी-२ चा जुना बॉक्स स्वस्तात विकतात, त्यावर बऱ्याच वाहिन्या दिसत नाहीत. घरात नवा टीव्ही असेल तर मागे सॅटेलाइट लिहिलेलं आट्यांचं सॉकेट आहे का बघावं. असेल तर बॉक्स लागतच नाही, केबल थेट तिथे.

बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा असेल तर लोडशेडिंगमध्ये बॉक्स सोलरच्या बॅटरीवर चालतो. पण वायर थेट बॅटरीच्या टोकांना न जोडता चार्ज कंट्रोलरच्या लोडच्या टोकांना जोडावी आणि मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाकावा. दुपारी चार्जिंग चालू असताना बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, स्वस्त बॉक्स त्यात जळतात, म्हणून तेव्हा तो बंदच ठेवावा.

अवकाळीत आणि परतीच्या पावसात वीज कडाडायच्या आधीच बॉक्सची केबल काढावी आणि अ‍ॅडॉप्टरही उपसावा. पाइपाला अर्थिंग करावंच, जाड तांब्याची तार आणि जमिनीत पुरलेला रॉड. ते जवळपास पडलेल्या विजेच्या धक्क्यासाठी. थेट पडलेली वीज त्याने थांबत नाही. आभाळ भरून आलेलं असताना छत्री सरळ करायला वर चढू नये, पाऊस ओसरला की चित्र बहुतेक वेळा आपोआप परत येतं.

खाजगी वाहिन्यांच्या जागा दूरदर्शन लिलावाने देतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात. तेव्हा छत्रीला हात न लावता बॉक्समधून नव्याने स्कॅन करावं.