'पेनड्राइव्हवर चालणारा राऊटर' विकत घेणार असाल तर आधी हे वाचा

सेकंडहँड सामानाच्या ॲपवर सध्या एक जाहिरात फिरतेय. जुना राऊटर आणि सोबत पेनड्राइव्ह. "पेनड्राइव्ह लावला की ओपनडब्ल्यूआरटी, काढला की कंपनीचं फर्मवेअर, राऊटर बाद व्हायची भीतीच नाही." फर्मवेअर म्हणजे राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आणि ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकायचं खुलं, फुकट फर्मवेअर. पुण्यात आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथे जाहिराती अडवायला आणि प्रत्येकाचा डेटा मोजून द्यायला मी हा सेट साडेचार हजारांना घेतला. त्यातले अडीच हजार नुसत्या 'लायसन्स'चे.

माणूस स्वतः येऊन जोडून गेला. लॅपटॉपवर लूसीचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंग्जचं, पान उघडून दाखवलं, आवृत्ती २३.०५ लिहिलेली. सगळं चोख. पुढे जाहिराती अडवायचं पॅकेज टाकायला गेलो तर जागाच नाही. मग दोन मुलांनी सांगितलं की बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेट चुकीचं असल्याची सूचना येते. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सर, लायसन्स रिन्यू करायला लागेल, पंधराशे पाठवा."

रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर पेनड्राइव्ह काढून राऊटर पुन्हा चालू केला. कंपनीचं फर्मवेअर यायला हवं होतं. आलं तेच लूसीचं पान, तीच सेटिंग्ज. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर आत एक पीडीएफ, बाकी मोकळा. १२८ जीबी छापलेल्या त्या पेनड्राइव्हवर एफ३ ही तपासणी चालवली, तेव्हा खरी जागा निघाली ८ जीबीच्या आत.

मग एसएसएचने, म्हणजे लांबून कमांड द्यायच्या सोयीने, राऊटरमध्ये शिरलो. स्वागताच्या मजकुरात २३.०५, पण कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती विचारली तर उत्तर ४.१४. २३.०५ मध्ये कर्नल ५.१५ असतो, ४.१४ हा १९.०७ मालिकेचा. म्हणजे केव्हाच सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेलं फर्मवेअर, वर नवा आकडा चिकटवलेला. फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची राऊटरमधली जागा, अवघी ४ एमबी. इतक्या लहान राऊटरसाठी १९.०७ च्या पुढे अधिकृत फर्मवेअर निघतच नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा डीएनएस आमच्या इंटरनेट कंपनीचा नाही, कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरचा. फायरवॉलमध्ये बाहेरून एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघडा. आणि ड्रॉपबेअर या राऊटरवरच्या एसएसएच सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीजच्या (कोणाला आत सोडायचं त्या डिजिटल किल्ल्यांच्या) फाइलमध्ये एक परकी किल्ली. तो माणूस घरी बसून पासवर्डशिवाय आमच्या राऊटरमध्ये येऊ शकत होता. अभ्यासिकेतली मुलं याच वायफायवरून परीक्षेचे अर्ज भरतात, फी भरतात. पैसे गेल्याचं दुःख पचतं, हे पचत नाही.

आता पेनड्राइव्हच्या त्या दाव्याबद्दल. राऊटर चालू झाला की आधी फ्लॅशमधला बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जागा होतो, बहुतेक यू-बूट. कर्नल कुठून उचलायचा हे तो ठरवतो, आणि बहुतेक घरगुती राऊटरच्या बूटलोडरला यूएसबीवरून बूट करणं येतच नाही. ओपनडब्ल्यूआरटीत एक्स्ट्रूट म्हणून सोय आहे, पण त्यात कर्नल आणि मूळ सिस्टिम फ्लॅशवरच राहते, फक्त सेटिंग्ज आणि वाढीव पॅकेजेस पेनड्राइव्हवर जातात. पेनड्राइव्ह काढल्याने कंपनीचं फर्मवेअर परत येत नाही, कारण ते आधीच पुसलेलं असतं. यूएसबीवरून खरोखर बूट करायचं तर एक्स८६ (नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरचा) मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घ्या. तिथे ते सरळ चालतं.

आणि लायसन्स कसलं? २००३ मध्ये लिंक्सिसला डब्ल्यूआरटी५४जी राऊटरचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक तो फुकट देत आलेत. जोडून देण्याची मजुरी कोणी घेतली तर माझी हरकत नाही. वर्षाला 'रिन्यूअल' मागणं ही मात्र शुद्ध लूट आहे.

१९३० वर फोन करून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याचा नंबर बंद. तोच फोटो मात्र दुसऱ्या नावाने पुन्हा ॲपवर आलाय.

असा सेट घेतला असेल तर आजच त्याची इंटरनेटची वायर काढा. 'रीसेट'वर विसंबू नका, कारण परकी किल्ली फर्मवेअरमध्येच भरलेली असेल तर रीसेटनंतर ती परत येते. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं आणि खालच्या लेबलवरच्या हार्डवेअर आवृत्तीचं मूळ फर्मवेअर घ्या आणि राऊटरला सोय असेल तर टीएफटीपी रिकव्हरीने (राऊटर चालू होतानाच वायरवरून फर्मवेअर भरायच्या सोयीने) भरा. ओपनडब्ल्यूआरटीच हवं असेल तर त्यांच्या अधिकृत फर्मवेअर सिलेक्टरवरूनच उतरवा आणि फाइल मूळचीच आहे हे कळण्यासाठी एसएचए-२५६ चा आकडा जुळवून पाहा. त्या वायफायवरून वापरलेल्या ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या नेटवर्कवर बसून बदला. आमच्या मुलांना आम्ही सगळ्यांत आधी तेच करायला लावलं.