गल्फचं मेडिकल: रिपोर्ट ‘फिट’ असताना ‘अनफिट’ सांगून पैसे उकळतात

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन. या पट्ट्यात गल्फला माणूस नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. मेडिकलच्या नावाखाली होणारी फसवणूकही इथे जुनीच आहे, पण आजाराचं नाव निघतं म्हणून घरचे तोंड उघडत नाहीत. मंडणगड तालुक्यातल्या एका घराच्या बाबतीत जे झालं ते त्यांच्याच परवानगीने लिहितोय, नावगाव वगळून.

मुलगा ड्रायव्हर, सौदीला जायचं ठरलेलं. गावात फिरणाऱ्या एजंटाने सांगितलं, “मेडिकल उरकून घे, व्हिसा मागून येतोच.” मुलगा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, रक्त दिलं, छातीचा एक्स-रे काढला. व्हिसा काही आला नाही आणि रिपोर्टची मुदत संपली. मग पुन्हा मेडिकल, पुन्हा पैसे. या वेळी एजंटाने व्हॉट्सॲपवर तिकीट पाठवलं. घरात बॅग भरायला सुरुवात झाली आणि आईला फोन आला: “काकी, पोराच्या छातीत डाग निघालाय. अनफिट लागला तर सगळ्या गल्फमध्ये बंद होईल तो. सेंटरमध्ये माझा माणूस आहे, आजच पंचवीस हजार टाका, फिट करून घेतो.” काकींनी बांगड्या गहाण ठेवून पैसे पाठवले. त्या वेळी गल्फच्या मेडिकलची नोंद असते त्या वाफिदच्या साइटवर मुलाचा रिपोर्ट ‘फिट’ म्हणून केव्हाच चढलेला होता. डाग नव्हताच.

हा डाव नेहमी तिकिटाच्या तारखेला चिकटूनच टाकतात. विमानाला चार दिवस राहिले की घरचे कुणाला विचारायला जात नाहीत. त्यात टीबीचं नाव घेतलं की शेजाऱ्याला सांगायचीही चोरी. शिवाय एजंटाच्या बोलण्यात अर्धं खरं असतं: छातीच्या जुन्या, बऱ्या झालेल्या व्रणावरूनही गल्फसाठी अनफिट करतात, आणि तो शेरा गल्फ देशांच्या सामाईक यादीत दिसतो. खोटं एवढंच, की पैसे देऊन तो कुणी पुसून देतो.

रिपोर्ट स्वतः बघता येतो. वाफिदच्या साइटवर, म्हणजे पूर्वीचं गामका, पासपोर्ट नंबर आणि राष्ट्रीयत्व टाकलं की स्थिती दिसते. अडचण अशी की अपॉइंटमेंट एजंट काढतो आणि फॉर्ममध्ये मोबाइल नि ईमेल स्वतःचा टाकतो. सगळे निरोप त्याच्याकडे जातात. म्हणून बुकिंग करताना आपलाच नंबर, आपलाच ईमेल टाका, स्लिपची पीडीएफ आपल्या मोबाइलमध्ये ठेवा आणि सेंटरची फी काउंटरवर स्वतः भरून पावती घ्या. एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, ‘फिट’चा शिक्का मोबाइलवरही चिकटवता येतो.

आता वेळेचं गणित, कारण खरी गोम तिथेच आहे. रिपोर्टवर तपासणीची आणि मुदत संपण्याची अशा दोन्ही तारखा असतात. मुदत तपासणीच्या दिवसापासून धावते, व्हिसा हातात पडल्यापासून नव्हे. सौदी किंवा कुवेतचा प्रत्यक्ष व्हिसा मिळण्याआधी मेडिकल लागतं हे खरं, पण त्याच्याही आधी मालकाकडून व्हिसाचा कागद यायला हवा. तो कागद, त्यावरचं कंपनीचं नाव, पदाचं नाव आणि पगार लिहिलेलं ऑफर लेटर बघितल्याशिवाय मेडिकलला जायचंच नाही. मेडिकल झालं म्हणजे नोकरी पक्की, असं काहीही नसतं.

देशही बघा. कतारच्या वर्क व्हिसासाठी तपासणी मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये होते. अपॉइंटमेंट व्हिसा नंबरावर मिळते आणि खर्च मालकाचा असतो. दुबई-अबुधाबीच्या रहिवासी व्हिसाचं मेडिकल तिथे पोचल्यावर होतं. या दोन ठिकाणच्या नोकरीसाठी कुणी इथे वाफिदचे पैसे मागितले तर तिथेच उठा.

जाण्यापूर्वी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक छातीचा एक्स-रे काढून घ्या. पूर्वी टीबीचं औषध घेतलं असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा आणि जुने कागद फाइलला लावा. ताप-खोकला असेल तर बरं होईपर्यंत थांबा. आदल्या आठवड्यात दारू नको, लिव्हरचे आकडे चढतात. बायकांनी पाळीचे दिवस टाळावेत, लघवीच्या तपासणीत रक्त दिसतं. दिवस गेले असण्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी सांगावं. आणि मेडिकलच्या तोंडावर कावीळ बीची लस टोचून घेऊ नका. लशीनंतर काही दिवस, कधी अडीच आठवड्यांपर्यंत, तपासणीत शोधतात तोच घटक रक्तात सापडू शकतो आणि निरोगी माणूस बाधित ठरतो. हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं आणि एजंट ‘सेफ्टीसाठी’ म्हणून नेमकी तीच सुई टोचायला सांगतो.

तिकीट मिळालं की पीएनआर आणि आडनाव टाकून विमान कंपनीच्याच साइटवर बघा. मंडणगडच्या मुलाचं बुकिंग नुसतं होल्डवर होतं, पैसे भरलेलेच नव्हते.

एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरच्या यादीत शोधा. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावती देऊनच, घेता येतं. गावोगाव फिरणारा ‘त्यांचा माणूस’ यादीत नसेल तर त्याला भरती करण्याचा अधिकारच नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, यूपीआयची रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आली तर तेव्हाच येते. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि तिची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी कार्यालयाला. सोबत व्यवहाराचे स्क्रीनशॉट, मेडिकलची स्लिप, साइटवरची ‘फिट’ची नोंद आणि एजंटाचे व्हॉइस मेसेज जोडा. काकींकडे तो फोन रेकॉर्ड झालेला नव्हता, पण “डागाचं काम झालं, पैसे मिळाले” हा एजंटाचा मेसेज त्यांनी पुसला नव्हता. तक्रार उभी राहिली ती त्या एका ओळीवर.