ग्रहाचं चित्र: जुनं टेराजेन की ब्राइस?

दोन्ही संगणकावर त्रिमितीय निसर्गदृश्यं बनवणारी सॉफ्टवेअर. टेराजेन 0.9 मध्ये कॅमेरा सरळ खाली रोखून भूभाग रेंडर करायचा (म्हणजे त्याचं चित्र काढून घ्यायचं), मग फोटोशॉपमध्ये गोल सिलेक्शन घेऊन स्फेराइज फिल्टर (सपाट चित्राला गोलाचा फुगवटा देणारा). धुकं आधी शून्यावर आणा, नाहीतर सगळ्यावर निळसर पडदा येतो. डोंगरांची झीज खरी वाटते. पण मोफत आवृत्तीची मर्यादा 1280×960 पिक्सेल, म्हणजे चौरस 960चाच. फिल्टर मध्यभाग ताणतो आणि नेमका तोच अस्पष्ट दिसतो. रात्रीची बाजूही हाताने रंगवावी लागते.

ब्राइसमध्ये गोळा आयताच मिळतो, दिवस-रात्रीची सीमा सूर्यच पाडतो. मटेरियलचा (पृष्ठभागाच्या सेटिंगचा) अँबियन्स, म्हणजे सावलीतही दिसणारा उजेड, मात्र शून्य हवा; नाहीतर काळोखी बाजू राखाडी पडते. ढगांसाठी एक-दोन टक्के मोठा, अर्धपारदर्शक दुसरा गोळा. बंप (पृष्ठभागाचा नुसता दिसणारा खडबडीतपणा) कितीही वाढवला तरी कडा गुळगुळीतच (दुरून कोण बघतंय!). पूर्ण ग्रहाला ब्राइस, जवळच्या विवरांना टेराजेन.