दादरचं सेंद्रिय दुकान: मध घ्या, '१००%' वाली पाटी सोडून द्या

रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ४. दुकान दादर वेस्टला, रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, इतकं लहान की दोन गिऱ्हाईकं आत असली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं. पण माल बरा असतो आणि मुख्य म्हणजे काउंटरवरचे काका विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर देतात. मुंबईतल्या बऱ्याच ऑरगॅनिकवाल्यांकडे नुसती तागाची पिशवी आणि तोंडाला फेस आणणारा भाव मिळतो, उत्तर मिळत नाही.

मी जाते ती मधासाठी. बरणीवर मधमाश्यांच्या पेट्या कुठल्या गावात होत्या, कुठल्या फुलोऱ्यावर होत्या आणि मध कधी काढला ते हाताने लिहिलेलं असतं. महाबळेश्वरकडचा सातेरी माशीचा (ही आपली देशी मधमाशी) जांभळाचा मध हा माझा फेव्हरिट, थोडा कडवट लागतो, पोरांना आवडत नाही, बरंच आहे, मला उरतो. राजस्थानातला मोहरीचा मध थंडीत तुपासारखा थिजतो, त्यावरून इथे कोणीतरी 'साखर घातलीय' म्हणून १ स्टार दिलाय, तर बाबांनो तो थिजतोच, बरणी कोमट पाण्यात ठेवा.

यंदा मात्र सूर्यफुलाच्या मधाचा कप्पा रिकामा होता आणि तिथे पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं, 'शेजारच्या रानात फवारणी, माशी मेली, माल नाही'. दुसऱ्या कुणी गुपचूप दुसरीकडचा मध भरून तीच चिठ्ठी चिकटवली असती. माझे ४ स्टार खरं तर या पुठ्ठ्यालाच आहेत.

हा सूर्यफुलाचा मध देणारे मधपाळ नेमके त्या दिवशी रिकामे कॅन न्यायला आलेले, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे. त्यांचा धंदा असा की आधी डाळिंबाच्या बागेत फळधारणेसाठी पेट्या भाड्याने ठेवायच्या आणि मग सूर्यफुलाकडे हलायचं. ज्याने पेट्या बोलावल्या तो बागवाला सांभाळून असतो हो, त्याला माशी हवीच असते. पण माशी काय सातबारा बघून उडत नाही, मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात ती युरोपियन मधमाशी, दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आणि पलीकडच्या कुणीतरी ऐन फुलोऱ्यात सकाळी फुलकिड्यांसाठी फवारा मारला. "ताई, पेटीच्या तोंडाशी नुसता सडा पडलेला. मेलेली माशी जीभ बाहेर काढून पडलेली असती, बघितलं की कळतं औषधानं गेली," असं ते म्हणाले.

मला वाटायचं औषध लागलं की माशी मेली, विषय संपला. पण तसं नाहीये. जागच्या जागी मारणाऱ्या औषधाने कामकरी माश्या रानातच पडतात, पेटीत राणी आणि पिल्लं राहतात पण बाहेर जाऊन आणायला कोणी नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी झाडात भिनणारी औषधं मकरंदात आणि परागात उतरतात, त्याने माशी लगेच मरतेच असं नाही, तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन ती घरचा रस्ता चुकते. आणि पावडरवालं औषध तर परागासारखं अंगावरच्या लवेला चिकटून पेटीत येतं आणि पिल्लांच्या खाण्यात जातं, म्हणजे फवारणी झाल्यावरही बरेच दिवस पेटी खंगत राहते. सातेरी असेल तर ती त्रास झाला की पेटी सोडून उडूनच जाते, मग तुम्ही बसा रिकामी पेटी घेऊन. युरोपियन युनियनने २०१८मध्ये ही दोन आणि क्लोथियानिडिन अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड कृषी केंद्रात सहज मिळतं.

उपाय काय तर एक फोन. आदल्या दिवशी कळलं तर रात्री माश्या घरात आल्यावर पेट्यांची तोंडं बंद करता येतात, ओलं गोणपाट टाकून एखादा दिवस निभावतो, त्यापेक्षा जास्त कोंडलं तर उकाड्याने मरतात. किंवा फवारणाऱ्याने संध्याकाळी माश्या परतल्यावर मारायचं. पण शेतमजूर सकाळचा मिळतो, पंप भाड्याचा असतो, त्यामुळे तो तरी कुणाकुणाला फोन करत बसणार, आणि यवतमाळला २०१७मध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, म्हणजे जिथे फवारणाऱ्याच्याच जिवाची काळजी कोणी घेत नाही तिथे माशीची काय कथा.

आता एक स्टार का कापला ते. भाजीच्या रॅकवर मोठी पाटी आहे, '१००% विषमुक्त'. एकीकडे शेजारच्या रानातल्या फवाऱ्याने माशी मेली म्हणून पुठ्ठा लावायचा आणि दुसरीकडे ही पाटी, हे काय पटलं नाही. सेंद्रिय सर्टिफिकेट म्हणजे शेतकऱ्याने काय घातलं आणि काय घातलं नाही त्याचा हिशेब, भाजीत शून्य अंश असल्याची गॅरंटी नव्हे. बिचाऱ्याला स्वतःच्याच जमिनीतला पट्टा कडेने मोकळा सोडावा लागतो, वर्षाच्या पिकाला दोन आणि फळबागेला तीन वर्षं कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात येण्यात, काढावी लागतात, आणि एवढं करून बांधापलीकडून फवाऱ्याचे तुषार आले तर याचंच सर्टिफिकेट धोक्यात. काकांना बोलले तर म्हणाले, "लोकं पाटी बघूनच आत येतात." असतील. मग पाटीशेजारी लॅबचा रिपोर्ट तरी लावा. आणि सेंद्रिय म्हणजे माशीला सेफ असंही धरून चालू नका, अमेरिकेत सेंद्रिय शेतीला चालणारं स्पिनोसॅड नावाचं कीटकनाशकसुद्धा ओलं असेपर्यंत माशीला घातकच असतं.

भावाबद्दल. ब्रँडेड मधापेक्षा इथला मध साधारण दुप्पट. महाग आहेच, पण २०२०मध्ये सीएसई (दिल्लीची सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ही संस्था) च्या तपासणीत बऱ्याच नामांकित ब्रँडमध्ये साखरेचा पाक निघाला होता, त्यावर त्या कंपन्यांनी कानावर हात ठेवले ते वेगळं. पाकाने बाजारभाव पाडला की मधपाळाला सुटतं किती, आणि त्यात एका फवाऱ्यात पेट्या गेल्या तर तो माश्यांच्या नवीन वसाहती कुठून घेणार. आटपाडीच्या त्यांनी सांगितलं, पिकाचं नुकसान बघायला तलाठी तरी येतो, मेलेल्या माश्यांचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

एप्रिलात इथे काळे डाग पडलेला हापूस वेगळ्या पेटीत आणि स्वस्तात ठेवतात, तो जरूर घ्या. आपण मुंबईकर देठापासून टोकापर्यंत पिवळाधमक आंबा मागतो, मग मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारे पडणारच. आतून अगदी छान निघतो, आमरसाला कोण साल बघतंय.

बाकी यूपीआय चालतं. होम डिलिव्हरी माहीमपर्यंतच. काचेची बरणी परत नेली तर थोडे पैसे वळते करतात पण ते स्वतःहून सांगत नाहीत, मागून घ्या. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, बिलाला एकटे काका असतात आणि ते प्रत्येकाशी बोलत बसतात.