ख्रिसमसच्या स्टॉकिंगमध्ये काय घालावं? माणशी १५ डॉलरांतली तुलना

मुलं शाळेत जायला लागली की अमेरिकेतल्या मराठी घरातही डिसेंबरमध्ये जिन्याच्या कठड्याला लाल स्टॉकिंग्ज, म्हणजे भेटवस्तू भरायच्या मोठ्या मोज्याच्या आकाराच्या पिशव्या, लटकतात. दिवाळीचा खर्च नुकताच उरकलेला असतो, त्यात हा नवा. बाजारातलं स्टॉकिंग साधारण १८ इंच लांब असतं आणि ते फुगलेलं दिसावं म्हणून हात आपोआप फुटकळ वस्तूंकडे वळतो. वस्तू निवडताना मी एकच विचारते, ही फेब्रुवारीत वापरात असेल का? पुढचा सगळा हिशेब न्यू जर्सीतला आहे. भाव अंदाजे धरा, दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होणारच.

आधी कुठून घ्यायचं ते. तयार भरलेली स्टॉकिंग्ज सरळ सोडून द्या, त्यात पैसे जाळीचे आणि पुठ्ठ्याचे असतात. खरी निवड डॉलर ट्री हे स्वस्त वस्तूंचं दुकान आणि सभासदांना घाऊक पुडे विकणारं कॉस्टको यांच्यात आहे. डॉलर ट्रीनं २०२१ च्या अखेरीस एक डॉलरचा भाव सव्वा डॉलर केला आणि आता त्याहून महाग मालही तिथेच शेजारी मांडलेला असतो. पत्ते, रंगीत बँडेड, रॅपिंगचा कागद यांसाठी ते दुकान उत्तम. चार्जिंगची केबल, बॅटऱ्या आणि लुकलुकणारी खेळणी मात्र तिथून नको. कॉस्टकोत मोठा पुडा घेऊन घरच्यांत वाटला की माणशी खर्च बराच खाली येतो. फक्त यासाठी सभासद होऊ नका, वर्षाचे ६५ डॉलर मोज्यांतून वसूल होत नाहीत. कार्ड असलेल्या मैत्रिणीबरोबर जा आणि पुडा अर्धा-अर्धा करा.

मोजे: मऊ मऊ की लोकरीचे?

स्टॉकिंगमध्ये मोजे घालणं हा घिसापिटा विनोद असला, तरी पूर्ण यादीत पैसे वसूल करणारी वस्तू हीच. डॉलर ट्रीतले पॉलिएस्टरचे गुबगुबीत मोजे दिसायला छान, हाताला मऊ. पण लाकडी फरशीवर ते सरकतात आणि चार धुण्यांत त्यांची लव गोळा होते. भारतातून हिवाळ्यात आलेल्या आजी-आजोबांसाठी घेणार असाल तर तळव्याला रबरी ठिपके असलेलेच घ्या. जिन्यावरून पाय घसरला तर ते मोजे फार महागात पडतील.

कॉस्टकोत मेरिनो लोकर मिसळलेल्या मोज्यांचा चार किंवा सहा जोड्यांचा पुडा १५ ते २० डॉलरांत मिळतो. म्हणजे जोडी तीन ते पाच डॉलरला. सुती मोजा बर्फात ओला झाला की ओलाच राहतो आणि पाय गार पडतो. लोकर दमट असतानाही ऊब धरून ठेवते. वर, न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. धुताना गार पाणी वापरा आणि ड्रायरमध्ये टाकू नका, नाहीतर नवऱ्याचे मोजे मुलीला बसायला लागतात.

तिसरा पर्याय व्हरमाँट राज्यातल्या डार्न टफ कंपनीच्या मोज्यांचा. एक जोडी वीस-पंचवीस डॉलरला, पण कंपनी आयुष्यभराची हमी देते. भोक पडलं तर बदलून मिळते. रोज बर्फ उपसणाऱ्या किंवा ट्रेकला जाणाऱ्या एकाच माणसासाठी बजेट ओलांडायचं असेल तर इथे ओलांडा. वाढत्या पायाच्या मुलांसाठी ही जोडी म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

हात गरम ठेवायला

एकदाच वापरायच्या पुड्या की चार्जिंगची यंत्रं? पुडीत लोखंडाची पूड, मीठ, कोळसा असं मिश्रण असतं. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून उष्णता निघते, साधारण दहा तास. शाळेच्या बसची वाट पाहण्यापुरती वापरून झाली की हवाबंद झिपलॉक पिशवीत घट्ट बंद करा. हवा मिळत नाही, क्रिया थांबते आणि उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी कामी येते. चार्जिंगची जोडी वीस-तीस डॉलरला पडते, शिवाय आणखी एक वस्तू रोज चार्ज करायची कटकट. ज्यांना रोज कुत्रा फिरवायचाय त्यांना ती परवडेल. बाकीच्यांना दोन-तीन पुड्या पुष्कळ झाल्या. आजोबांना मधुमेह असेल तर पुडी थेट कातडीवर नको. हातापायांची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळतही नाही.

ओठांच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. मेंथॉल किंवा कापूर घातलेला बाम लावल्यावर गार वाटतो, पण फुटलेल्या ओठांना तो त्रासच देतो. साध्या पेट्रोलियम जेलीची छोटी डबी स्वस्त आणि सरस. ऑफिसच्या एफएसए खात्यात (औषधपाण्यासाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेले पैसे) काही शिल्लक असेल, आणि अनेक ठिकाणी ते ३१ डिसेंबरला बुडतात, तर एसपीएफ १५ किंवा जास्तीचा बाम त्यातून घेता येतो. तेवढाच खिशातला खर्च वाचतो.

मुलांसाठी: उनो, साधे पत्ते की खेळणी?

सव्वा डॉलरचं खेळणं २६ तारखेच्या दुपारपर्यंत टिकतं. त्याहून मोठा मुद्दा बटण बॅटरीचा. लहान मुलानं ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी खास कायदा झाला. बॅटरीचा कप्पा मुलांना सहज उघडता येऊ नये, असं तो सांगतो. तरीही घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर लुकलुकणारं काही आणूच नये, असं माझं ठाम मत.

उनोचा डबा सहा ते दहा डॉलरला मिळतो. डब्यावर सात वर्षांपुढे असं छापलेलं असलं, तरी आकडे आणि रंग ओळखणारी सहा वर्षांची मुलंही मजेत खेळतात. आणि इंग्रजीचं अडत नसल्यामुळे आजीही बसते. साधा पत्त्यांचा जोड त्याच्या पाव किमतीत येतो. त्यात झब्बू, बदाम सात, मेंढीकोट सगळं आलं, आणि आजी घरात असेल तर शिकवायला ती आहेच. आजी-आजोबा आलेले असतील तर मी साधे पत्ते घेईन. नसतील तर उनो, कारण मग मुलांना आपापलं खेळता येतं.

आता खाऊ. स्टॉकिंगच्या टोकात संत्रं घालायची जुनी चाल आहे. संत निकोलसनं गरीब मुलींना सोनं दिलं त्या कथेशी ती जोडतात. टेरीजचं चॉकलेट संत्रं, म्हणजे संत्र्याच्या आकाराचं चॉकलेट, चार-पाच डॉलरला एक. त्याच्या आसपासच्या पैशांत पाच पौंड क्लेमेंटाइन (छोटी संत्री) येतात. हा त्यांचा हंगाम आहे, तिकडे नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहाराची फळंही याच दिवसांत येतात. प्रत्येकाच्या टोकात एक घाला, बाकीची डब्यात न्या. दिसायला भरगच्च आणि खर्च चिल्लर. चॉकलेट हवंच असेल तर एक गंमत ऐका. न्यू जर्सीत कँडीवर टॅक्स लागतो, पण ज्यात मैदा आहे ती वस्तू कायद्यानं कँडी धरत नाहीत. म्हणून किटकॅट टॅक्सविना आणि हर्शीची साधी वडी टॅक्ससकट.

मोठ्यांपैकी गाडी चालवणाऱ्याला टायरची हवा मोजायचं पेनसारखं गेज द्या, तीन-चार डॉलरांत मिळतं. डिजिटल त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि ऐन थंडीत त्याची बॅटरी मान टाकते. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की हवा साधारण एक पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. गाडीतला दिवा मात्र हवा बरीच उतरल्यावरच लागतो. त्यामुळे जानेवारीत हे गेज हमखास निघतं.

गिफ्ट कार्ड द्यायचंच असेल तर व्हिसाचं नको. घेतानाच चार-सहा डॉलर जादा शुल्क द्यावं लागतं आणि १० डॉलरच्या कार्डावर ते फारच टोचतं. ज्या दुकानात माणूस एरवी जातोच त्या दुकानाच्या कार्डाला बहुधा असं शुल्क नसतं. किशोरवयीन भाच्याला विचाराल तर तो रोख मागेल, आणि त्याचं बरोबर आहे.

हिशेब असा बसतो: मोजे चार डॉलर, बाम दीड, संत्रं आणि चॉकलेट दोन, हात गरम करायच्या पुड्या दीड, आणि त्या माणसाची म्हणून एकच वस्तू सहा डॉलरची. जड वस्तू तळाशी घाला आणि चिकटणारा हुक वापरणार असाल तर पाकिटावर छापलेली वजनाची मर्यादा वाचा. कॉस्टको २५ तारखेला बंद असतं, आणि लोकरीच्या मोज्यांचे लहान साइज त्याआधी बरेच दिवस संपतात. मोजे तेवढे नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास उचला, बाकीचं शेवटच्या आठवड्यातही मिळतं. खुद्द स्टॉकिंग मात्र यंदा जुनंच वापरा, २६ तारखेपासून नवी अर्ध्या किमतीला येतात.