वाडीसाठी घेतलेला स्कूप स्ट्रेचर: वर्षभराचा अनुभव

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. गाडी वर येत नाही, डांबरी सडकेपर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरावी लागते. मी इथली आशा सेविका. माणूस आजारी पडला की चादरीची झोळी बांबूला बांधायची आणि खांद्यावर घ्यायची, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तापाच्या माणसाला, अडलेल्या बाईला झोळीनेच दवाखाना दाखवला आहे. पण उंचावरून पडलेल्या माणसाला झोळी नको. तिच्यात अंग मधोमध वाकतं, आणि मणका दुखावला असेल तर नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं.

हे मला उशिरा कळलं. चार वर्षांपूर्वी माझे चुलत दीर फणसावरून पडले. पडल्यावर ते पायाची बोटं हलवून दाखवत होते. आम्ही घाईघाईने काखेत धरून उचललं, झोळीत घातलं. रत्नागिरीला पोचेपर्यंत बोटं हलायची थांबली होती. पडल्यामुळे की नेताना, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून गेल्या शिमग्यात वाडीच्या बैठकीत मी हट्ट धरला, मुंबईकरांनी वर्गणी काढली, आणि पुण्याच्या एका सर्जिकल दुकानातून हा स्ट्रेचर आला. वाहतूक धरून साडेनऊ हजारांना पडला.

ॲल्युमिनियमचा आहे, एकटी बाई सहज उचलून आणते. उभा चिरल्यासारखे त्याचे दोन भाग होतात. माणसाशेजारी ठेवून लांबी जुळवायची, मग दोन्ही टोकांचे खटके उघडून एक भाग डाव्या अंगाने, एक उजव्या अंगाने पाठीखाली सरकवायचा. माणसाला उचलावं लागत नाही, कुशीवर पूर्ण वळवावंही लागत नाही. आधी डोक्याकडचा खटका जोडायचा, मग पायाकडचा. दोन्हीकडून ‘खट्’ ऐकू आलं पाहिजे, आणि तरीही हाताने ओढून बघायचंच.

मे महिन्यात शाकारणी चालू असताना वाडीतले एक तात्या कौलांवरून अंगणात आले. "अरे उचला, उचला" म्हणत चौघे धावले. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं. आग नाही, वरून काही कोसळत नाही, मग घाई कशाला? एकाने 108 ला फोन लावला. मी गुडघे टेकून तात्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कोपरं जमिनीला टेकवून, आणि पट्टे आवळून होईपर्यंत सोडलं नाही. "तात्या, मान हलवू नका, नुसतं तोंडाने बोला," एवढंच सांगत होते. पहिल्यांदा खटका लागेना. बघते तर धोतराचा सोगा सांध्यात अडकलेला. तो सोडवला, मग लागला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून कपाळावरून पट्टी बांधली. पाखाडीवरून पाय पुढे ठेवून उतरलो. पुढच्या दोघांनी हात उंच धरले होते, म्हणून माणूस आडवाच राहिला. प्रत्येक वळणावर खाली ठेवून हात बदलले.

खाली 108 ची गाडी आली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्ट्रेचरसकट आत घेतलं, पुन्हा हलवाहलव नाही. कमरेच्या मणक्याला चीर निघाली. तात्या आज पट्टा लावून चालतात.

आता खटकलेल्या गोष्टी. सोबत आलेले पट्टे कामाचे नाहीत. तिसऱ्याच सरावात एक प्लास्टिकचा बकल तुटला. दुकानदाराने फोनवर "बघतो" म्हटलं आणि पुन्हा फोन घेतला नाही. आम्ही देवरुखहून जाड पट्टे शिवून आणले. धरायच्या कडा पातळ आहेत, लांब चालीत बोटं कापतात, त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पावसात खटक्यांत चिखल बसतो, धुवून तेलाचा थेंब सोडावा लागतो. उन्हात पत्रा इतका तापतो की आधी पातळ चादर घालावीच लागते. आणि त्यावर माणसाला तासन्‌तास ठेवायचं नाही, कडक पत्र्याने पाठ सोलवटते. हे साधन उचलून गाडीपर्यंत नेण्यापुरतं आहे.

एक गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती. स्ट्रेचर रुग्णाबरोबर दवाखान्यात जातो! आमचा चार दिवसांनी परत मिळाला. आता त्यावर लाल रंगाने वाडीचं नाव आणि माझा फोन नंबर लिहिला आहे.

ज्या वाडीत सहा माणसं महिन्यातून एकदा सराव करायला तयार आहेत, तिने हा जरूर घ्यावा. नुसता आणून ठेवायचा असेल तर पैसे घालवू नका, कारण धावपळीत खटका कुठे हेही सापडत नाही. आमच्याकडे दर अमावास्येनंतरच्या रविवारी पोरं एकमेकांना झोपवून उचलतात, बायकाही येतात, कारण दिवसा वाडीत बहुतेक आम्हीच असतो. स्ट्रेचर देवळाच्या पडवीत खुंटीला टांगलेला आहे. कुलूप लावलेलं नाही.